सवयींचा रकाना

मे महिना सरता सरता आपल्याकडे सारेच काही उंबरठ्यावर येऊन थांबलेले असते. वळवाची एखादी सर अंगण ओले करून गेलेली असते, मृग आठवड्याच्या अंतरावर असतो, माळ्यावरच्या छत्र्या खाली उतरतात आणि महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर नव्या वर्षासाठी जागा मोकळी होऊ लागते. अशा या सांध्यावर ३१ मेचा जागतिक तंबाखूविरोधी दिन येतो. आपल्या स्थापनेला चाळीस वर्षे होत असताना, १९८८ साली, जागतिक आरोग्य संघटनेने ७ एप्रिलचा एक दिवस तरी जगाने धुराविना काढून पाहावा, असे आवाहन केले होते. पुढे लवकरच तो दिवस ३१ मेवर स्थिरावला. तेव्हापासून दरवर्षी या दिवशी आपण शपथा घेतो, फेऱ्या काढतो, भाषणे ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी जूनच्या धांदलीत हरवून जातो.

दंत महाविद्यालयांत हा दिवस मोठ्या नेमाने पाळला जातो, आणि ते रास्तही आहे. तंबाखूने माणसाच्या तोंडाचे काय होते, हे या मंडळींइतके जवळून कोण पाहते? सकाळी ओपीडीच्या दारात रांगोळी निघते, घोषणांचे फलक रंगतात, आवारात पथनाट्य होते. त्या पथनाट्यात यमराज हमखास असतो आणि तो बहुधा वर्गातला सर्वांत उंच मुलगा असतो. मग अधिष्ठाता सगळ्यांना उजवा हात पुढे करायला सांगतात, शपथ होते, छायाचित्र निघते आणि कार्यक्रम संपतो. त्यानंतर त्याच घोळक्यातले चारपाच जण ॲप्रन काढून, त्याची घडी बॅगेत कोंबून, फाटकाबाहेरच्या टपरीवर येतात. कटिंग सांगितला जातो. दोरीला टांगलेला लायटर हातोहात फिरतो. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायचे नाहीत, हा २००३ चा कायदा आहे. महाराष्ट्रात २०२० पासून सुट्टी सिगारेट विकायलाही बंदी आहे. टपरीवाल्याच्या कानावरून हे दोन्ही गेलेले असते आणि गिऱ्हाइकांना तर ते परीक्षेपुरते पाठच असते.

या दृश्यावर हसणे सोपे आहे. ‘स्वतः कोरडे पाषाण’ असे म्हणून आपण पुढे जाऊ शकतो. पण वर्षातून एकदा थांबून विचार करायचा हा दिवस असेल, तर त्या पोरांच्या हातातल्या सिगारेटकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवे. जाणत्याने चुकावे याचे आपल्याला फार आश्चर्य वाटते, कारण माहिती पोचली की माणूस बदलतो, असे आपण धरून चालतो. आपल्या साऱ्या जनजागृतीचा पाया तोच आहे. दंतवैद्यकाचा विद्यार्थी हा त्या गृहीतकाला समोर उभा राहून दिलेला नकार आहे. त्याला माहिती कमी पडते, असे कुणीही म्हणणार नाही. तिसऱ्या वर्षात तो सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा बिघडत जातात हे पाहतो, जिभेच्या कडेवरचा पांढरा चट्टा बोटाने चाचपतो, धुराच्या उष्णतेने पांढुरक्या पडलेल्या टाळूवरचे लाल ठिपके ओळखतो. बीडीएसची चार वर्षे आणि आंतरवासितेचे एक, एवढ्या काळात त्याने तंबाखूचे जेवढे पुरावे पाहिलेले असतात, तेवढे पाकिटावरच्या चित्रांतही नसतात, जरी २०१६ पासून त्या चित्रांसह छापलेल्या इशाऱ्याने पाकिटाच्या दर्शनी बाजूचा ८५ टक्के भाग व्यापला आहे.

मग हे सारे ज्ञान जाते कुठे? याचे एक उत्तर आपल्या समाजरचनेत दडलेले आहे आणि ते फारसे कुणी उघड बोलत नाही. महाराष्ट्रातली तंबाखू मुख्यतः धुराची नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात आपल्या राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले आणि धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. म्हणजे ओपीडीच्या बाकावर बसलेला रुग्ण हा मळून खाणारा, गुटखा चघळणारा किंवा मिश्रीने दात घासणारी कुणी मावशी असतो. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली, तरी वेगवेगळ्या पुड्या एकत्र करून तोच ऐवज गालात भरणारा तरुण रोज खुर्चीवर येतो. त्याचे तोंड तीन बोटेही उघडत नाही. सुपारीने तोंडाच्या आतले अस्तर ताठर करणाऱ्या या विकाराला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी दिले. आज ते नाव आपल्याकडच्या प्रत्येक दंत-विद्यार्थ्याच्या तोंडी असते. हा सगळा अभ्यास करताना मुलाच्या मनात नकळत एक रेघ ओढली जाते. पुडी खाणारा तो रुग्ण, सिगारेट ओढणारे आपण. पुडी ही अडाणीपणाची खूण, सिगारेट ही ताणाची, मैत्रीची, फार तर बेफिकिरीची. ‘आम्ही कुठे गुटखा खातो?’ हे वाक्य वसतिगृहाच्या गच्चीवर गंभीरपणे उच्चारले जाते. वर्गातली तंबाखू गावाकडून आलेली असते, इस्पितळातली तंबाखू गरिबाची असते, आणि मग स्वतःच्या बोटांमधली तंबाखू या कुठल्याच व्याख्येत बसत नाही.

त्यात धूर स्वतःही लबाड आहे. हिरड्यांतून रक्त येणे ही हिरड्यांच्या आजाराची पहिली हाक, असे आपण साऱ्यांनीच ऐकलेले असते. पण धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत निकोटिनमुळे हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. ब्रश करताना रक्त येत नाही, हिरडी फिकट आणि घट्ट दिसते, माणूस निर्धास्त असतो आणि आत दाताभोवतीचे हाड झिजत राहते. विद्यार्थ्याला हे पुस्तकातून माहीत असते. आरशात पाहताना मात्र त्याला स्वतःच्या हिरड्या ठणठणीत दिसतात.

शिकताना मुले एकमेकांच्या दातांची मापे घेतात. अल्जिनेट कालवायचे, ट्रेमध्ये भरायचे आणि मित्राच्या तोंडात दाबून ते घट्ट होईपर्यंत धरायचे. खुर्चीवरचा मित्र डोळे मोठे करून नाकाने श्वास घेत असतो. अशा वेळी खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला, जिभेकडच्या अंगाला, तपकिरी थर दिसतो. रोज दहाबारा रुग्णांच्या तोंडात दिसणारा तोच थर. मित्र एवढेच म्हणतो, ‘स्केलिंग करून घे रे.’ मग एखाद्या रिकाम्या दुपारी तो स्वतःच ते करून देतो, पेस्ट लावून दात चकचकीत करतो आणि वीसपंचवीस मिनिटांत सारा पुरावा पाण्याबरोबर वाहून जातो. या व्यवसायातल्या मुलाला मिळणारी ही सवलत बाकी कुणाला नसते. आपल्या सवयीची खूण त्याला हवी तेव्हा, फुकट आणि सफाईने पुसता येते. दोन मित्रांमध्ये जे बोलणे व्हायला हवे होते, ते त्या चकाकीखाली राहून जाते.

याच मुलाला रुग्णाशी बोलताना पाहा. केसपेपरवर नाव, वय, गाव, तक्रार यांच्या खाली ‘सवयी’ असा एक रकाना असतो. काय घेता, दिवसातून किती वेळा, किती वर्षांपासून. चाचपडत का होईना, पण तो हे तिन्ही प्रश्न विचारतो. रुग्ण खोटे बोलला तर त्याच्या लक्षात येते, कारण तोंड खोटे बोलत नाही. ‘बंद करा बरं का काका,’ असेही तो म्हणतो. पण आवाजात जोर नसतो, आणि तो का नसतो, हे बऱ्याचदा काकांच्याही लक्षात येते. दंतवैद्य आणि रुग्ण यांचे चेहरे वितीच्या अंतरावर असतात. मास्कमधूनही वास जातो.

तंबाखू सोडवण्याच्या कामात जगभर वापरली जाणारी साधी रीत म्हणजे विचारायचे, सल्ला द्यायचा, तयारी जोखायची, मदत करायची आणि पुन्हा भेट ठरवायची. पहिल्या दोन पायऱ्या आपल्याकडे कशाबशा चढल्या जातात. पुढच्या तीन पायऱ्या चढायला जे प्रशिक्षण लागते, ते फारसे मिळत नाही. दंत, वैद्यक, परिचर्या आणि औषधनिर्माण शाखांच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये २००५ पासून देशोदेशी जी पाहणी सुरू झाली, तिच्यातून हेच चित्र पुनःपुन्हा समोर आले. आपण रुग्णांसाठी उदाहरण ठरायला हवे, आपल्याला तंबाखू सोडवण्याचे शिक्षण मिळायला हवे, असे बहुतेक विद्यार्थी म्हणतात. प्रत्यक्षात असे शिक्षण मिळालेले त्यांच्या मानाने फार थोडे असतात. म्हणजे मुलांची इच्छा आहे, संस्थांचे वेळापत्रक भरलेले आहे.

वेळापत्रकाचा विषय निघालाच आहे, तर ‘कोटा’ या शब्दापाशी थांबायला हवे, कारण दंत-विद्यार्थ्याच्या सिगारेटची वाट बऱ्याच वेळा तिथूनच जाते. इतके दात काढायचे, इतकी स्केलिंग, इतक्या कवळ्या, इतक्या रूट कॅनॉल, आणि प्रत्येकाखाली स्टाफची सही. रुग्ण ऐन वेळी येत नाही. दोन बैठका झालेला रुग्ण दुखणे थांबले म्हणून तिसऱ्या बैठकीला गावी निघून जातो. त्याला रिक्षाचे पैसे स्वतःच्या खिशातून देऊन बोलावणारी मुले आहेत. शिवाय यातले कितीतरी जण एमबीबीएस हुकले म्हणून इकडे आलेले असतात आणि नातेवाइकांच्या ‘म्हणजे फक्त दातांचे डॉक्टर का?’ या प्रश्नाला हसून उत्तर द्यायला शिकलेले असतात. सही न मिळालेल्या दुपारी फाटकाबाहेर जाऊन सिगारेट ओढणारा तो एकटा नसतो. त्याच्यासारखेच दोघे तिथे उभे असतात. त्या टपरीवर जी सहानुभूती मिळते, ती आवारात कुठे मिळत नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. मुलींची गोष्ट तर आणखी अवघड. त्यांना टपरीवर उभे राहायचीही सोय नसते, म्हणून त्या लपवतात, आणि जे लपवायचे असते ते सोडायला मदत कुणाकडे मागायची? २०१९ साली देशात ई-सिगारेटवर बंदी आली, तरी खिशात मावणारे ते बिनवासाचे यंत्र लपवणाऱ्यांच्या उपयोगी पडते, हेही कानावर येतच असते.

सोडायची इच्छा मात्र यांच्यापैकी कुणाला विचारली तर तत्काळ व्यक्त होते. ‘सोडणारच आहे’ हे उत्तर तयार असते. फक्त त्याला एक तारीख जोडलेली असते आणि ती तारीख पुढे सरकत राहते. वायवा झाला की. फायनल झाली की. इंटर्नशिप संपली की. पीजीची परीक्षा निघाली की. ‘मला सवय नाही, मी कधीही सोडू शकतो’ असे म्हणणाऱ्याला व्यसन जोखणाऱ्या फागरस्ट्रॉमच्या प्रश्नावलीतला एकच प्रश्न विचारून पाहावा, की सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांत लागते? पाच मिनिटांच्या आत, असे उत्तर असेल तर बाकीची चर्चा तिथेच थांबते. यात त्याची इच्छाशक्ती कमी आहे, असे म्हणून चालणार नाही. २०१६-१७ च्याच सर्वेक्षणात देशातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते. सोडावेसे वाटणे ही या देशात दुर्मीळ गोष्ट नाही. सोडायचे कसे, हे शिकवणारा माणूस दुर्मीळ आहे.

वयाचा हिशेब या मुलांच्या बाजूने आहे आणि तो त्यांना कुणीतरी नीट मांडून दाखवायला हवा. १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली. तुम्ही ओढता का, किती ओढता, सोडली असेल तर कधी. चाळीस हजारांवर डॉक्टरांनी उत्तरे पाठवली, आणि त्यांतल्या पुरुष डॉक्टरांच्या आयुष्याचा माग संशोधकांनी पन्नास वर्षे ठेवला. २००४ साली निष्कर्ष आले. आयुष्यभर ओढणाऱ्याचे सरासरी दहा वर्षांचे आयुष्य जाते. साठाव्या वर्षी सोडली तर त्यातली तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी दहा. या साऱ्यात आपल्याला भावते ते वेगळेच. त्या डॉक्टरांनी रुग्णांच्या आधी स्वतःच्या सवयी लिहून दिल्या. स्वतः डॉल यांनी पुढचे आकडे येण्याआधीच, १९४९ मध्ये, हाती आलेल्या प्राथमिक पुराव्यावर सिगारेट सोडली होती. ते ९२ वर्षांचे होऊन २००५ साली गेले. आपल्या विशीतल्या विद्यार्थ्यापुढे तिशी अजून उभी आहे. वैद्यकशास्त्रात इतके पुरेपूर परत मिळणारे फार थोडे असते.

आणि सोडणे ही गोष्ट आपल्या संस्कृतीला परकी तर मुळीच नाही. आषाढी एकादशी येते, चातुर्मास बसतो आणि घराघरांत काहीतरी सोडले जाते. कुणी कांदा-लसूण, कुणी वांगे, कुणी एक वेळचे जेवण. काशीला जाऊन आवडीचा पदार्थ कायमचा सोडून आलेली आजी आपल्यापैकी अनेकांच्या घरात होऊन गेली. गळ्यात तुळशीची माळ घातली की माणसाच्या पानात काय वाढायचे आणि काय नाही, हे साऱ्या गावाला कळते. (माळकऱ्याच्या कनवटीला चुन्याची डबी मात्र आपण पाहिलेली असते. तंबाखूशी आपली परंपरा जरा सैलच वागली आहे.) या नेमांकडे श्रद्धा बाजूला ठेवून पाहिले तरी त्यांची घडण शहाणपणाची दिसते. सुरुवातीचा दिवस ठरलेला, मुदत ठरलेली, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली, जे सोडले त्याच्या जागी ताटात दुसरे काही वाढलेले, आणि नेम मोडला तर हळहळून पुन्हा पुढे चालू ठेवायची मुभा. व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात आज नेमके हेच सांगतात. दोन आठवड्यांच्या आतली एक तारीख धरा, जवळच्या माणसांना सांगा, हाताला आणि तोंडाला दुसरे काम द्या, एखादी ओढली गेली म्हणून सारे संपले असे समजू नका. तलफ काही मिनिटांत ओसरते, पहिले दोनतीन दिवस कठीण जातात, चिडचिड काही आठवड्यांत निवळते. निकोटिनचा च्युइंगम घेतला तर तो नेहमीच्या गोळीसारखा सतत चघळायचा नसतो. चारदोन वेळा चावायचा, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, चुरचुर थांबली की पुन्हा चावायचा. ही कृती दंतवैद्याइतकी नेमकी दुसरे कोण दाखवू शकेल?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ साली दंत महाविद्यालयांमध्ये तंबाखूमुक्ती केंद्रे उभी करण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. देशात अशी तीनशेहून अधिक महाविद्यालये आहेत. रुग्ण आधीच खुर्चीवर बसलेला, तोंड उघडे, हातात आरसा. या कामाला याहून चांगली जागा सापडणे कठीण. ज्यांना समोर येऊन बोलायला संकोच वाटतो, त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवाही आहे, आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातूनही ती चालवली जाते, ही आपल्याला जवळची गोष्ट. तरीही केंद्राची खोली बऱ्याचदा रिकामी असते, आणि महाविद्यालयातला विद्यार्थी स्वतःसाठी त्या खोलीची पायरी चढला असे तर क्वचितच घडते. पकडला गेलो तर घरी पत्र जाईल, अंतर्गत गुण कापले जातील, ही धास्ती त्याला असते. शिस्तीच्या समितीपुढे आणि समुपदेशकापुढे एकच मुलगा एकाच गोष्टीसाठी उभा राहणार असेल, तर तो दोन्हीकडे खोटेच बोलेल. आवारात धूर नको, हा नियम हवाच. पण मदत मागणाऱ्याला तो नियम लागू होऊ नये, एवढे तरी लेखी मिळायला हवे.

कोट्यातही थोडा बदल करता येईल. जितक्या स्केलिंगच्या सह्या, तितक्या नाही, पण निदान पाच रुग्णांच्या तंबाखू-समुपदेशनाच्या सह्या अंतिम वर्षात मागाव्यात. तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न यावा. आणि रुग्ण सहा महिन्यांनी पुन्हा बोलावला की नाही, हे पाहूनच सही व्हावी. जे परीक्षेत विचारले जाते तेच शिकले जाते, हे आपण सारेच आपापल्या शिक्षणातून जाणतो. नव्या तुकडीला पांढरा ॲप्रन देण्याचा समारंभ अलीकडे अनेक ठिकाणी होतो. त्याच आठवड्यात प्रत्येकाच्या तोंडाची एक तपासणी व्हावी, केसपेपर पुरा भरावा, सवयींचा रकानाही भरावा, आणि तिसऱ्या वर्षी व आंतरवासितेच्या आरंभी तो पुन्हा उघडावा.

या तपासणीत प्राध्यापकांचीही पाळी यावी, असे सुचवले तर थोडी कुजबुज होईल. पण सर दिसताच सिगारेट पाठीमागे नेणारा विद्यार्थी आणि विद्यार्थी दिसताच रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीवर जाणारे सर, हे दोघेही आपल्याला चांगले ठाऊक आहेत. केंद्राच्या नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिहिण्याची पद्धत ठेवली, तर दोघांनाही एकाच आठवड्याची तारीख द्यायला हरकत नसावी.